गावातला शेवटचा सांड

मी गोड बोलणारी बाई नाही. लग्न होऊन निघाली तेव्हा आईनं कानात एकच सांगितलं होतं, तोंड सांभाळ. तेवढंच जमलं नाही. पुढचं जे सांगते ते माझ्या तोंडाचंच आहे, म्हणून कोणी माझी कीव करू नये.

बापानं मला आंदण म्हणून एक तांबडी गाय दिली होती. ठेंगणी, काटक, आखूड शिंगांची. दूध म्हणाल तर चहापुरतं. पण आमच्या धानाच्या मुलखात त्या काळी दुधासाठी गाय पाळत होतं कोण? गाय पाळायची ती बैलासाठी. गुडघाभर चिखलात नांगर ओढायचा, अरुंद धुऱ्यावरून पाय न घसरता एका बांधीतून, म्हणजे खाचरातून, दुसरीत उतरायचं, तिथं हलकं जनावरच टिकतं. माझ्या गाईला दुसऱ्याच वर्षी गोऱ्हा झाला, आईसारखाच तांबडा. त्याला मी हातानं पेज पाजून वाढवला. मोठा होऊन तो सांड झाला अन् गावातल्या निम्म्या गाई त्याच्यापासून गाभण राहू लागल्या.

बाकीच्या निम्म्या शेजारणीच्या करड्या सांडाकडे जात. ती अन् मी एकाच उन्हाळ्यात त्या गावात नांदायला आलो होतो. आम्ही पोवार, ती गोंड, तिचं माहेर कचारगडाच्या आंगाला जंगलात. तिच्या हातचं पाणी आमच्या घरात चालत नव्हतं. मी मात्र कुंपणाआड बसून तिच्या हातची मोहाची भाकर खायची, अन् घरात येऊन तोंड धुवायची. तिच्या नवऱ्याचा पाय लाकडाखाली सापडून अधू झाला होता. दोन बांध्या, एक म्हातारा बैल अन् हा करडा सांड, एवढाच तिचा संसार. गाय गाभण राहिली की ज्याची त्यानं तिला पायलीभर धान आणून द्यायचं, अशी गावाची रीत होती. त्या धानावर तिचे पावसाळ्याचे महिने निघत.

मालगुजारांची जमीनदारी जाऊन दोन-तीन वर्षं झाली असतील. माझे सासरे, त्यांना मी मामाजी म्हणायची, गावचे मुखिया झाले होते. गोंदियाला एका सभेला गेले अन् डोक्यात वारं भरून आले. सरकार गावाला एक मोठा पांढरा सांड फुकट देणार होतं. त्याच्या वासरांचे बैल दुप्पट ओढतील, गाई घागरभर दूध देतील, असं त्यांना सांगितलेलं. अट एकच होती. गावातला एकही गावठी सांड तसाच राहता कामा नये, नाहीतर बी मिसळेल. सगळ्यांना खच्ची करायचं.

आमच्या ओसरीवर बैठक झाली. मी आतून ऐकत होती. बाप्यांनी माना हलवल्या, सुपाऱ्या कातरल्या, पण एकाही शहाण्याच्या तोंडून निघालं नाही की हा पांढरा आपल्या चिखलात एक पावसाळा काढतो का ते पाहू, मग आपल्यांना हात लावू. बाईनं बोलायची सोय नव्हती. अन् खरं सांगते, मलाही तेव्हा ते सुचलं नव्हतं. मला फक्त माझा तांबडा दिसत होता.

मामाजी म्हणाले, सुरुवात आपल्या घरापासून करू, म्हणजे कोणाला बोलायला जागा नको. वा रे न्याय! गाय माझ्या बापाची, पेज माझ्या हातची, अन् मोठेपणा यांचा. मला कोणी विचारलंसुद्धा नाही.

ढोरडॉक्टर आला तो लोखंडी चिमटा घेऊन. गावाबाहेर आखरावर, जिथं रोज सकाळी ढोरं जमतात, तिथं सगळे सांड आणले. डॉक्टर मोठ्या फुशारकीनं सांगत होता की रक्ताचा थेंबही निघत नाही. नाहीच निघाला. चौघांनी माझ्या तांबड्याला दोरांनी पाडलं, एक जण मानेवर बसला, अन् चिमटा आवळला तेव्हा आतली नस तुटल्याचा आवाज आला. तो हंबरला नाही. त्यानं नुसती जीभ बाहेर काढली अन् डोळे फिरवले. दुसऱ्या बाजूला चिमटा लावेपर्यंत मी तिथं उभी राहिली, मग घरी येऊन भात टाकला.

त्या दिवशी शेजारणीचा सांड आखरावर आलाच नाही. तिनं मामाजींसमोर हात जोडून सांगितलं, आठ दिवसांमागं सालेकसाच्या बाजारात विकला. मामाजींनी मान डोलावली. दुसऱ्या दिवशी कुंपणाआड तिनं मला खरं सांगितलं. रातोरात माहेरी नेऊन भावाच्या कोठ्यात बांधून ठेवला होता. पांढरा येईल, गावाचं लक्ष उडेल, मग दिवाळीला परत आणीन म्हणाली. सांगता सांगता हसली. माझ्यावर नव्हती हसत, सुटल्याच्या आनंदानं हसत होती. मला ते कळत होतं. तरी ते हसू माझ्या पोटात गेलं अन् तिथंच बसलं.

पंधरा दिवस मी गप्प राहिली. रोज सकाळी तांबड्याच्या पुढे तणस टाकायची. तो सुजल्या आंगानं पाय फाकवून उभा राहायचा, माझ्याकडे पाहायचासुद्धा नाही. माझा गेला अन् हिचा काऊन राहावा? एवढंच डोक्यात फिरायचं. त्यात कसलं शहाणपण नव्हतं, निव्वळ जळफळाट होता. एका दुपारी मामाजींना जेवायला वाढत होती. ते म्हणाले, आता गाव साफ झालं. उचलली जीभ अन् लावली टाळ्याला. मी भात वाढता वाढता म्हटलं की एक बाकी आहे, तिच्या भावाच्या कोठ्यात. मामाजींनी माझ्याकडे पाहिलं नाही, वरण मागितलं. मी वरण वाढलं.

तिसऱ्या दिवशी मामाजी, कोतवाल अन् चार जण करड्याला ओढत घेऊन आले. डॉक्टर तोवर दुसऱ्या तालुक्यात निघून गेला होता. त्याची वाट कोण पाहतो? मामाजींचा शब्द खाली पडला होता, तो त्याच दिवशी उचलायचा होता. त्यांनी जुन्या रीतीनं केलं. तिच्याच आंगणात, तिच्याच खुट्याजवळ करड्याला पाडला, खाली लाकूड ठेवलं अन् वरून लाकडाच्या मोगरीनं बडवलं. हा मात्र हंबरला. फार वेळ हंबरला. तिचा नवरा अधू पाय ओढत मधे आला, त्याला कोतवालानं बाजूला बसवलं. ती भिंतीला टेकून उभी होती, मी आमच्या दारातून पाहत होती. रिकामा घडा घेऊन विहिरीवर जाता आलं असतं मला, गेली नाही.

संध्याकाळी ती आमच्या मागच्या दाराशी आली. जखमेवर लावायला हळद मागितली. मी मूठभर नाही, वाटीभर दिली. वरून तेलही दिलं. अन् एवढ्यावर थांबली असती तर ती मी कसली! मी त्या चौघांना शिव्या दिल्या, मेल्यांचे हात झडोत म्हटलं, डोळ्याला पदर लावला. ती माझ्या तोंडाकडे पाहत राहिली.  वाटी घेऊन गेली. करड्याच्या जखमेत किडे पडले अन् नवव्या दिवशी तो त्याच खुट्याला मेला.

पांढरा आला तेव्हा गावानं त्याला ओवाळलं. होताही देखणा, माणसाच्या छातीला येईल एवढा. पण तो कुठल्यातरी कोरड्या मुलखातला. धान लावायचा रोवणा सुरू झाला अन् त्याचे पाय चिखलात सडायला लागले. खूर सुटले. भादव्यात बसला तो उठलाच नाही. तोवर त्याच्यापासून दोन गाई गाभण राहिल्या होत्या. एकीचा गाभ पुढं पडला. दुसरीचं वासरू पांढऱ्यासारखं दांडगं, गाय आमच्याकडची ठेंगणी. वासरू अडलं, दोघंही गेली.

मामाजींनी अर्ज लिहिला. उत्तर आलं की नवा सांड उपलब्ध झाल्यावर कळवण्यात येईल. सरकारी काम अन् बारा महिने थांब. इथं बाराचे चोवीस झाले. आजूबाजूच्या गावांनी आमचं पाहून आपापले सांड खच्ची करून टाकले होते. सांड उरले होते ते कचारगडाकडच्या जंगलातल्या गावांत, शेजारणीच्या माहेरी. तिथं मामाजींनी दोनदा गाई पाठवल्या. तिच्या भावानं गाईंना पाणी पाजलं, माणसाला तंबाखू दिला, अन् सांड सोडला नाही. गाई जशा गेल्या तशा परत आल्या.

आधीच्या गाभण गाई व्याल्या, त्यानंतरच्या वर्षी आमच्या गावात एकही वासरू झालं नाही. त्याच्या पुढच्याही वर्षी नाही. तेल गेलं, तूप गेलं, हाती धुपाटणं आलं. मामाजी ओसरीवर बसेनासे झाले. पण त्यांना काय कमी होतं, त्यांच्या कोठ्यात चार जोड्या होत्या. शेजारणीचा म्हातारा बैल दुसऱ्या पावसाळ्यात नांगरालाच पडला. नांगरापुरती जोडी मागायला ज्याच्या-त्याच्याकडे गेली, कोणी दिली नाही. तिनं दोन्ही बांध्या पडीत टाकल्या अन् आमच्याच शेतात रोवण्याला येऊ लागली. मी तिच्या शेजारी वाकून रोवायची. ती माझ्याशी पहिल्यासारखंच बोलायची. मला वाटायचं, सुटली मी.

माझी तांबडी गाय दर वीस-एकवीस दिवसांनी माजावर यायची अन् दिवसभर हंबरायची. एका सकाळी दावं तोडून गेली. मी शोधतच होती, तर शेजारीण तिला दोरानं धरून आमच्या दाराशी घेऊन आली.

"हे घे तुही गाय," ती म्हणाली. "तिसऱ्या खेपी माह्या आंगणात आली. त्या खुट्याजवळ जाऊन उभी राहते. तिले सांग, तिथं आता कोणी नाही म्हणून. तुले सांगता येते ना."

 तोंड काही थांबलं नाही. काऊन असं बोलून राहिली, मी काय केलं, असं म्हटलं.

"माह्या भावाच्या कोठ्यात सांड आहे, हे गावात एका तुलेच म्हटलं होतं मी."

ती रागात नव्हती. ओरडली असती, माझ्या झिंज्या धरल्या असत्या तर बरं झालं असतं. मी म्हटलं, एवढं माहीत होतं, तर त्या संध्याकाळी हळद मागायले माह्याच दारी कायले आली?

"हळद माह्या घरीबी होती," ती म्हणाली. "तुहं तोंड पाहाले आली होती."

तिनं दावं माझ्या हातात दिलं अन् रोवण्याला निघून गेली. रोपांच्या पेंढ्या आमच्याच बांधीत टाकून ठेवल्या होत्या. गाय तिच्या मागं जायला ओढ घेत होती, मी तिला कोठ्यात नेऊन बांधली. ती गाय पुढं कधी व्याली नाही.