धानाच्या बांधीतला गहू

स्टील प्लांटमधून रिटायर झाल्यावर आमच्या ह्यांनी भिलाईबाहेर धानाची एक बांधी, म्हणजे बांध घातलेलं भाताचं खाचर, घेतली. ह्यांना घरच्या गव्हाची पोळी खायची होती आणि मला पुण्याला नातीजवळ राहायला जायचं होतं. भांडून भांडून शेवटी ठरलं, यंदा गहू उगवला नाही तर बांधी विकायची आणि गाशा गुंडाळायचा.

मला जिंकायची खात्री होती. आदल्या वर्षीची फजिती डोळ्यांनी बघितलेली. धान निघाल्यावरही काळ्या मातीत पाय रुतत होता, तरी ह्यांनी ट्रॅक्टर घातला. माती वाळल्यावर विटांएवढी ढेकळं झाली. रोलिंग मिलमध्ये जन्म गेलेला हा माणूस घण घेऊन ढेकळं फोडत बसला. मी हसून हसून बेजार.

यंदाही चिखल तसाच. ट्रॅक्टर कधी घालायचा या काळजीत हे धड जेवेनात. मी वैतागले.

"कावून जिवाले घोर लावून राहिले? आमच्या भंडाऱ्याकडं उभ्या धानात लाखोरीच्या डाळीचे दाणे फेकतेत ना, तसा गहू बी फेका चिखलात!"

मी टोमणा मारला होता. हे ताटावरून उठलेच. "बरोबर बोलली तू!"

धान कापून झाल्याबरोबर ह्यांनी गहू भिजवला, पाखरांनी खाऊ नये म्हणून शेणकाल्यात घोळला आणि नांगर न लावता ओल्या मातीवर फेकला. साळुंक्या तरी आल्याच. ह्यांचे गुडघे दुखायचे, म्हणून मीच थाळी बडवत राखणीला बसायचे. एका सकाळी दाण्यांतून निघालेली पांढरी मुळं चिखलात शिरलेली दिसली.

"अवो, या ना इकडं! लवकर या!" मी ओरडले. आपण हरायला लागलोय हे माझ्या घरी आल्यावर लक्षात आलं. खोटं कशाला बोलू, मला फार आनंद झाला होता.

पण सखल भागात पाणी साचून दाणे कुजले. अर्धी बांधी हिरवी, अर्धी काळी. त्यात मी आधीच बोलावून ठेवलेलं गिऱ्हाईक जमीन बघायला आलं.

ह्यांचा चेहरा उतरला. "आता तूच सांग," हे हळूच म्हणाले, "हा उगवला म्हणाचा का नाही?"

तेवढ्यात तो गृहस्थ बांधावरून खाली उतरला.

"ओ भाऊ, वर या!" मी म्हटलं. "गव्हावर पाय देऊन राहिले तुमी. आमाले नाही विकाची बांधी."