जनाकाकीची सोमवारची पिशवी

दर सोमवारी सकाळी जनाकाकी पदर कमरेला खोचून, हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन गल्ली ओलांडायची. समोरच्या कापड विणणाऱ्या लूमच्या कारखान्यात शिरायची, थेट शेठच्या टेबलापाशी जायची आणि पिशवी उलटी करायची. टेबलावर करड्या रुईचा ढीग पडायचा. "घे, तुजा माल," एवढंच म्हणायची आणि मागे वळायची. शेठ कुणाला तरी झाडू घेऊन यायला सांगायचा. मी भिवंडीत नवीन होते तेव्हा हे पहिल्यांदा पाहिलं आणि वाटलं, आपली घरमालकीण भलतीच भांडखोर दिसते. ती होतीच भांडखोर. पण भांडायला तिच्याकडे कारण होतं, आणि ते कारण तिच्या फ्रिजच्या मागे चिकटलेलं असायचं.

काकीच्या सासरची भातशेती मानकोलीच्या गोडाऊनखाली गेली. मुलांनी तिकडेच बंगला बांधला. काकी मात्र आमच्या चाळीच्या पहिल्या खोलीत राहायची. "बंगल्यात मना करमत न्हाय. तिथं भांडाला कोन हाय?" असं ती हसत हसत सांगायची. तिच्या खोलीत गर्द लाल रंगाचा, एका दाराचा जुना फ्रिज होता. आमच्या खोल्यांमध्ये फ्रिजला जागा नव्हती, आणि लोड जरा वाढला की सगळ्या चाळीची लाइट जायची. त्यामुळे सगळ्यांचं दूध, कोथिंबीर, भिजवलेलं पीठ काकीच्याच फ्रिजमध्ये. दार उघडायचं ते तिला विचारूनच. कुणी दार उघडून विचार करत उभं राहिलं की मागून तिचा आवाज यायचा, "काय पिक्चर बघतेस काय त्यात? लाव दार!"

त्या फ्रिजची तिने जेवढी उस्तवार केली तेवढी माझ्या माहेरी गाईचीसुद्धा झाली नसेल. सोमवारी तिच्याकडे मासळी नसायची, म्हणून तो दिवस फ्रिजचा. आधी प्लग काढायचा. बर्फाच्या कप्प्यात कढत पाण्याचं पातेलं ठेवून दार उघडं टाकायचं आणि बर्फ आपणहून सुटायची वाट बघत बसायचं. एकदा मी घाईघाईत सुरी घेऊन बर्फ खरवडायला गेले, तर तिने माझा हातच धरला. "भोक पारशील त्याला! मंग गॅस कोन भरनार, तुजा बापूस?" दाराचं रबर कोमट पाण्यात सोडा घालून पुसायची. मग कागदाची पट्टी दारात धरून दार लावायची आणि पट्टी ओढून बघायची. सहज निघाली तर रबर ढिलं पडलंय म्हणून त्याला शिव्या. सगळ्यात शेवटी फ्रिज भिंतीपासून ओढायचा आणि बाटल्या धुवायच्या ब्रशने मागची जाळी झाडायची.

ती जाळी म्हणजे खरी लढाई. शेठच्या कारखान्याचा धूळ फेकणारा पंखा बरोबर काकीच्या दारावर रोखलेला होता. लूम चालू असले की त्यातून कापसाची रुई दिवसरात्र गल्लीत यायची. वाळत घातलेल्या कपड्यांवर, भातावर, पोरांच्या पापण्यांवर. आम्ही झटकून मोकळे होत असू. पण फ्रिजच्या जाळीवर ती थरावर थर बसायची. एका उन्हाळ्यात फ्रिज न थांबता घरघरत राहिला आणि आतलं दूध नासलं. मेकॅनिकने फ्रिज ओढला तर मागे जाळी दिसेचना, नुसती गोधडी. "गरमी निकलने को जगह नहीं है, मौसी. ऐसे ही रहा तो कॉम्प्रेसर गया समझो," असं तो सांगून गेला. काकीने त्याचा आपला अर्थ लावला. "फ्रिजला नाक मागं असतं," ती सगळ्यांना सांगत सुटली. "नाक बुजलं की मानूस काय न् फ्रिज काय, तापनारच." त्या आठवड्यापासून जाळीतून निघालेली रुई कचऱ्यात न जाता शेठच्या टेबलावर जाऊ लागली.

ही नुसती खोड नव्हती. शेजारच्या नसीमभाभीला रोज इन्सुलिन घ्यावं लागायचं आणि ते काकीच्या फ्रिजमध्ये, मधल्या फळीवर, झाकणाच्या स्टीलच्या डब्यात असायचं. त्या डब्याच्या आजूबाजूला बोंबील तर सोडाच, कुणाच्या दह्यालाही थारा नव्हता. "बर्फाला लागली तरी दवा मेली, गरम झाली तरी मेली," काकी बजावायची. लाइट गेली की ती फ्रिजसमोर स्टूल टाकून बसायची आणि लाइट येईपर्यंत कुणाला दाराला हात लावू द्यायची नाही. वर्षातून एकदा गुडघ्यांसाठी अकलोलीच्या गरम कुंडांवर जायची. परत आली की आधी फ्रिजला हात लावून बघायची, मग आम्हाला "कशा हायत गो?" म्हणायची.

भाभीचा नवरा अन्वर त्याच शेठच्या कारखान्यात लूम चालवायचा. तो बिचारा हात जोडायचा, "काकी, सेठ से मत लड़ो. मेरी ड्यूटी का सवाल है." काकी त्याला म्हणायची, "तू गप बस. तुला लडता येत न्हाय, म्हनून तं मी लडतंय." तिने म्युनिसिपालटीत तक्रारीही केल्या. साहेब आले, पंख्याकडे मान वर करून पाहिलं, शेठचा चहा प्यायले आणि गेले. मला त्या साहेबाचा चेहरा आठवत नाही. त्याचा हातरुमाल आठवतो. गल्लीत उभा होता तेवढा वेळ त्याने तो नाकाला लावून धरला होता.

एका सोमवारी शेठ स्वतः आला. मागे टेम्पो, टेम्पोत नवा कोरा फ्रिज. सगळी चाळ जमली. शेठ हसत म्हणाला, "काकी, इसमें पीछे जाली ही नहीं है. साफ करने का झंझट खतम." काकीने फ्रिजच्या पाठीवरून हात फिरवला. पाठ गुळगुळीत.

"जाली कुठं गेली?"

"अंदर है. दिखती नहीं."

"म्हंजे रुई येल, पन मना दिसनार न्हाय," काकी म्हणाली. मग त्याला नीट कळावं म्हणून त्याच्या भाषेत, "सेठ, मेरे को फ्रिज नहीं मंगता. वो पंखा घुमा."

टेम्पो आला तसा परत गेला. मी इतकी चिडले की तिच्या मागे घरात शिरून ओरडले, "काकी, तुझी अक्कल कुठे गेली? हे डबडं उद्या बंद पडलं तर नसीमभाभीच्या औषधाचं काय करशील?"

ती शांतपणे ब्रश धूत होती. "नसीमची दवा मी गार ठेवीन. पन नसीम शास घेते, तो कंच्या फ्रिजमदी ठेवू? सांग ना."

मी पाय आपटत कामावर निघून गेले. नवा फ्रिज नसतानाही भाभीचं औषध एकदाही खराब झालं नाही, हे मला लिहिलंच पाहिजे. काकीने शब्द पाळला.

पण मला काकीचा राग येतो, अजून येतो. फ्रिजच्या डोक्यावर तिने स्वतः विणलेला रुमाल घातला होता. दाराच्या मुठीला कापडी खोळ शिवली होती. आणि जाळी झाडताना, समोर रुईचा ढग उठत असताना, तिने कधी स्वतःच्या नाकावर पदर घेतला नाही. मी सांगितलं, भाभीने सांगितलं, मुलांनी बंगल्यावर न्यायची धमकी दिली. "पदर आड येतो, जाली दिसत न्हाय," हे उत्तर. आधी सकाळचा खोकला होता, मग दिवसभराचा झाला. डॉक्टरांनी छातीचा फोटो लाइटवर धरला आणि विचारलं, "लूमवर काम करत होत्या का?" तिचा मोठा मुलगा म्हणाला, "नाही, घरीच असायची." फुप्फुसं धुळीने भरली होती. मी तिथे भिंतीला टेकून उभी होते आणि माझ्या डोक्यात एकच येत होतं, हिलाही फ्रिजसारखं ओढून भिंतीपासून बाजूला घ्यावं आणि कुणीतरी मागून झाडून काढावं.

पावसाळा सरता सरता काकी गेली. शेवटच्या दिवसांत धाप लागायची, बोलवत नसे, तरी मला पाहिलं की विचारायची, "रबर पुसलंस?" तिच्या मुलाने खोलीची किल्ली मला दिली. म्हणाला, "ताई, फ्रिज चालू राहू दे. भाभीचा डबा आहे त्यात." तेव्हापासून माझी सोमवारची सकाळ फ्रिजची. नाकाला रुमाल बांधून जाळी झाडते, आणि पिशवी शेठच्या टेबलावर नेऊन ओततेच. त्याने झाडू मागवणं सोडलेलं नाही, मी नेणं सोडलेलं नाही.

यंदा उन्हाळ्यात शेठने गल्लीच्या बाजूला काचेची केबिन बांधली आणि एसी लावला. एसीचं बाहेरचं मशीन बरोबर त्या पंख्याखाली. थोड्याच दिवसांत ते रुईने तुंबलं आणि केबिनमध्ये शेठ घामाने निथळू लागला. एसीवाला आला. मी खिडकीतून ऐकत होते. "सेठ, ये पंखा इधर हवा मार रहा है, मशीन जल जाएगी. इसको घुमाना पड़ेगा." दुसऱ्या दिवशी जेवणं झाल्यावर वेल्डर आला. त्याने पंख्यावर पत्र्याचं नळकांडं बसवलं आणि त्याचं तोंड मागच्या नाल्याच्या बाजूला वळवलं. चहाच्या वेळेला तो शिडी खांद्यावर टाकून घरी गेला. एका दुपारचं काम! ज्यासाठी काकी इतकी वर्षं पिशवी घेऊन गल्ली ओलांडत राहिली, ते एका दुपारचं काम होतं. मला वाटलं, ती केबिन दगड घालून फोडावी.

सोमवारी फ्रिज ओढला, जाळीवरून ब्रश फिरवला. ब्रश जवळजवळ कोराच राहिला. तरी मी पिशवी घेतली आणि गल्ली ओलांडली.

केबिनमध्ये छान गार होतं. मी पिशवी शेठच्या टेबलावर उलटी केली आणि झटकली. काही पडलं नाही. शेठने टेबलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"इसमें तो कुछ नहीं है."

"हो शेठ," मी म्हणाले. "काकी एवढंच मागत होती."