साडूभाऊंचा धागा

माझ्या साडूंइतक्या काळजीनं सायकल चालवणारा माणूस अख्ख्या गुजरातेत झाला नसेल. त्यांच्यामुळे अपघात झालाच असता, तर तो त्यांच्याकडे बघत राहिलेल्या एखाद्या रिक्षावाल्याला. त्यांच्या हँडलला दोन आरसे होते, तिसरा छत्रीच्या दांड्यावर डोक्याच्याही वर उभा होता. सायकल क्लबातली मंडळी चमकणारं जाकीट विकत घेतात हे कळल्यावर ते हसले, आणि साडीवर लावायच्या टिकल्या त्यांनी बायकोकडून, म्हणजे माझ्या मेहुणीकडून, जुन्या शर्टावर पाठपोट लावून घेतल्या. भेस्तानच्या घरून बमरोलीच्या यंत्रमागांच्या, म्हणजे लूमच्या, कारखान्यात ते पहाटे असे झगमगत निघत की गल्लीतली कुत्री भुंकायला विसरत.

इतके आरसे कशासाठी, हे घरात सगळ्यांना ठाऊक होतं आणि कुणीच बोलत नव्हतं. लूमच्या खडखडाटात जन्म गेल्यानं त्यांना मागचा हॉर्न ऐकू येईनासा झाला होता. ते स्वतः मात्र, ‘आजकाल लोके तोंडातल्या तोंडात बोलतस,’ असा दोष जगाला देत.

निवृत्तीनंतर त्यांच्या मोबाइलवर कुणीतरी कच्छातल्या एका घळीचा फोटो पाठवला. भुजच्या पलीकडे, ओसाड मुलखात नदीनं लाल-पिवळा दगड कोरून केलेली. लोक असे फोटो बघतात आणि पुढं पाठवतात. साडू तो फोटो महिनाभर बघत बसले. ‘तठे वारासिवाय काही नही,’ ते मला म्हणाले. ‘कान शेतस तवपावत एकदाव शांतता ऐकनी शे.’ कान आहेत तोवर एकदा, आणि तीही सायकलवर जाऊन, कारण शांतता ऐकायला मोटारीतून जाणं त्यांना पटत नव्हतं. मेहुणीनं मला बाजूला घेतलं. ‘दाजी, तुम्ही मागं राहणार असाल तरच सोडते.’

मी मागं राहिलो, पण ते साडूंच्या पद्धतीनं. रेल्वेनं भुजला उतरून शहराबाहेर पडताच त्यांनी पॉलिस्टर दोऱ्याचं एक टोक स्वतःच्या कमरेला आणि दुसरं माझ्या हँडलला बांधलं. मागून गाडी आली की मी दोरा ओढायचा. आणि तुटला तर? ‘धागा तुटना का मशीन बंद,’ ते म्हणाले. लूमचा नियम तो रस्त्याचा नियम, यात त्यांना शंका नव्हती.

घळीच्या अलीकडच्या उतारावर दोरा माझ्या ब्रेकमध्ये अडकून तुटला. कमरेचा ताण गेल्याबरोबर साडू नियमाप्रमाणे भर रस्त्यात थांबले, खाली उतरले आणि गाठ मारायला दोऱ्याचं टोक शोधू लागले. मागून ट्रक हॉर्नवर हात ठेवूनच आला. मी ओरडलो, दोन्ही हात हलवले. ट्रक किंचाळत त्यांच्यापासून हातभर अंतरावर थांबला. त्यांनी वर पाहिलं ते त्याची सावली अंगावर पडली म्हणून. ड्रायव्हरनं तोंड उघडलं ते शिव्या द्यायलाच, पण उन्हात लखलखणारा तो शर्ट पाहून त्याचा विचार बदलला. ‘वरराजा, जान क्यां मूकी आव्या?’ वऱ्हाड कुठं सोडून आलात, अशी त्याची चौकशी होती.

पुढचा रस्ता साडू सायकल हातात धरून चालले. घळीच्या कडेवर पोचल्यावर माझ्याकडे न बघता त्यांनी विचारलं, ‘त्यानी हॉर्न वाजाडा व्हता का?’

‘हो.’

‘भलता?’

‘भलताच.’

ते दगडावर बसले. खाली लाल खडकांच्या घड्या, मधे हिरवं पाणी, आणि माणसाचा मागमूस नाही. त्यांनी डोळे मिटले. बऱ्याच वेळानं म्हणाले, ‘मना कानमा आठेबी कारखाना चालूच शे.’ इतक्या लांब येऊन त्यांची लूम काही बंद झाली नव्हती. मग अगदी संकोचून, ‘साडूभाऊ, तुमले काय ऐकू येस?’

मी त्यांच्या कानाशी जाऊन सांगत गेलो. वारा कपारीत शिरतोय. खाली पाण्यात काहीतरी टुपकन पडलं. लांब कुठं शेळीच्या गळ्यातली घंटी. आता ती पण थांबली. आता काहीच नाही. एकेका गोष्टीला ते मान हलवत होते, आणि शेवटच्या गोष्टीला त्यांच्या चेहऱ्यावर हसू आलं. ‘हां,’ ते म्हणाले, ‘आते उनं ऐकू.’ आता त्यांना ऐकू आलं होतं.

ती सायकल आता भेस्तानच्या गॅलरीत उभी असते. तिच्या आरशात बघून साडू दाढी करतात. मी रविवारी इच्छापोरच्या रस्त्यानं सायकलवर एकटाच जातो. मागं ट्रक वाजला की माझी बोटं अजून हँडलवर दोरा चाचपतात.