भाजलेल्या तळव्यावरचा चुना

साहेबांनी माझ्या मनगटावर बूट ठेवला आणि डावा हात आगटीत दाबला. "लई वाढायची हौस व्हय रं तुला?" कातडी जळल्याचा वास माझ्याच नाकात आला. पाहुणे बघत होते. एक जण हसला.

वळसंगजवळ त्यांच्या शेतावर हुरडा पार्टी होती. साहेब म्हणजे शिक्षणसंस्थेचे चेअरमन, मी त्यांचा ड्रायव्हर. कणसं भाजून मळून देणारा गडी गोवऱ्या आणायला गेला आणि एका बाईंनी ताटली माझ्यापुढे धरली. मी निखाऱ्यातलं कणीस काढलं, तळव्यावर चोळलं, फुंकर मारून कोंडा उडवला, गरम दाणे वाढले. "छान आहे हो," बाई म्हणाल्या आणि आडनाव विचारलं. मी सांगितलं. लपवायला मी काय चोरी केली होती? बाईंचा घास तोंडातच थांबला. ताटली खाली गेली. मग साहेब उठले.

बौद्धाच्या हातचा हुरडा पाहुण्यांच्या तोंडात गेला, एवढाच माझा गुन्हा. त्याच हातात रोज साहेबांच्या गाडीचं स्टेअरिंग असतं. ते चालतं.

बूट उचलल्यावर साहेबांनी खिशातून तंबाखूची पुडी काढून माझ्या अंगावर फेकली. "जा, बार भर. डोकं थंड कर."

साहेब स्वतः तंबाखू खात नाहीत. पुडी माझ्यासाठीच ठेवतात. सिग्नलला गाडीने गचका दिला की मागून टाळक्यात चापट. क्लार्क लोकांसमोर आईवरून शिवी. मी गाडीमागे जायचो, चिमूट मळायचो, ओठात दाबायचो. डोकं बधिर. राग गार. परत स्टेअरिंगवर. वाटायचं, आपण शहाणे, राग गिळून नोकरी टिकवतो. बायको म्हणायची, "बार भरला की तुमी मुकं व्हता. भाईर बी आन् घरात बी." मी हसण्यावारी न्यायचो.

त्या दिवशीही पुडी मुकाट उचलली. गाडीमागे गेलो. सवयीने त्याच भाजलेल्या तळव्यावर तंबाखू घेतली, नखाने चुना घातला आणि अंगठा फिरवला. चुना उघड्या मांसात घुसला. मी गुरासारखा ओरडलो. सगळं झटकलं तरी आग थांबेना. तोंड रिकामं होतं. आधी शिव्या आल्या, मग रडू आलं. आणि मग कळलं. बूट त्यांचा, पुडीही त्यांचीच. मारायचं त्यांनी, आणि मारल्यावर मला गप्प कसं करायचं तेही त्यांनीच ठरवलेलं. मी मूर्ख, त्याला माझी सवय म्हणत होतो.

परत गेलो. पुडी त्यांच्या ताटात टाकली. "हात जाळलाय तुमी माझा. आता दवाखान्यात जातो आन् तितनं पोलीस ठाण्यात."

साहेबांचा हात वर गेला. मी तो भाजलेल्याच हाताने धरला आणि पिळला. फोड फुटून पाणी त्यांच्या पांढऱ्या बाहीवर आलं. "सोड! सोड की!" साहेब किंचाळले. या वेळी कुणी हसलं नाही. किल्ली तिथेच टाकून मी रस्त्याला लागलो.

गुन्हा नोंदला गेला. नोकरी गेली. तंबाखू बंद केली, पण बोलण्याइतकं ते सोपं नाही. जीभ हिरडी चाचपत राहते, क्षुल्लक गोष्टीवर डोकं फिरतं. इतकी वर्षं बधिर केलेला राग एकदम जागा झालाय आणि मला त्याची भीती वाटते. बायकोला सांगून ठेवलंय, "माजा आवाज चढला की तिथंच हटक मला." ती हटकते. मी बाहेर एक चक्कर मारतो आणि परत येऊन बोलतो. राग कुणावर आहे हे मला ठाऊक आहे. तो तिच्यावर निघणार नाही.

परवा संस्थेतले दोन गुरुजी घरी आले. "मिटवा की आता. मोठ्या माणसाशी वैर बरं न्हाय." मी त्यांच्यासमोर हाताची पट्टी सोडली आणि सगळं सांगितलं. बूट, वास, तो हसलेला माणूस. दोघं चपला घालून निघाले. कोर्टात साहेबाच्या तोंडावर हेच सांगणार आहे. माझं तोंड बंद करायचं असेल, तर आता त्याला मला जिवे मारावं लागेल.