धारूरच्या करवंदांचं कॉकटेल

आमच्या घरात दारूचा थेंब आलेला आईला चालत नाही, म्हणून माझ्या मेहुण्याने सबंध बाटलीच आणली.

मे महिना होता. धारूरला ऊन असं, की गच्चीवर वाळत घातलेले पापड तळूनच खाली यावेत! माझ्या बायकोचा, म्हणजे सुजाताचा धाकटा भाऊ राहुल पुण्याहून सुट्टीला आलेला. आल्या आल्या तो माझ्या कानाला लागला, "दाजी, जिन आणलीय. करवंदं, मोसंबी, लिंबू घालून असं गारेगार कॉकटेल करू, की उन्हाळाच विसराल!"

आई रोज सकाळी पंचशील म्हणते, आणि मद्य न पिण्याचं पाचवं शील आलं की आवाज चढवून माझ्याकडे बघते. (मी तोवर खोकल्याच्या औषधापलीकडे काही घेतलं नव्हतं. तेही आई आधी हुंगून देते.) पण पुण्याच्या माणसापुढे गावंढळ कसं दिसायचं? संध्याकाळी आम्ही ती जिन पाण्याच्या साध्या बाटलीत ओतली आणि फ्रिजमध्ये पार मागे सरकवली. जिन दिसते अगदी पाण्यासारखी. इतकी सोय दुसऱ्या कुठल्या पापात असेल!

दुसऱ्या दिवशी दुपारी आई कूलरसमोर घोरायला लागली, सुजाता शेजारी गेली, आणि आम्ही स्वयंपाकघर ताब्यात घेतलं. डोंगरातली काळीभोर करवंदं कुस्करली, मोसंब्या पिळल्या, लिंबू, काळं मीठ, पुदिना, बर्फ आणि शेवटी ती बाटली! सगळं दुधाच्या किटलीत घालून राहुलने ती अशी काही हलवली, की झाकण उडालं आणि माझं पांढरं बनियन जांभळं झालं.

मी पहिला घोट घेतला. "राहुल, दारूची चव तर येईना गड्या."

"हीच तर खरी जिन, दाजी! चव लागत नाही, डायरेक्ट चढते."

दुसऱ्या ग्लासाला मला डायरेक्ट चढली. भिंती हलायला लागल्या. राहुल फ्रिजला मिठी मारून त्याची खुशाली विचारू लागला. मला तर आईबद्दल प्रेमाचा असा उमाळा आला, की मी धडपडत बाहेरच्या खोलीत गेलो आणि थेट तिच्या पायांवर पडलो.

"आई! आई गं, माझ्या पोटात जिन हाय!"

आई दचकून उठली. आधी बनियन बघितलं, मग मला. "भूत-जिन काय बी नसतंय! एवढा शिकलास न् जिनला भेतूस व्हय रे?"

"तसला न्हाई गं! दारूतली जिन! फ्रिजातल्या बाटलीतली!"

(हे मला कुणीही विचारलेलं नव्हतं.)

आईने माझ्या तोंडाजवळ नाक आणलं आणि नीट हुंगलं. "कोणती बाटली? मागं सरकून ठिवलेली? आरं, तिला सकाळी कसातरी वास येत व्हता. मी ते पाणी कूलरात ओतलं, बाटली घासली न् ताजं पाणी भरून ठिवलं."

भिंती जागच्या जागी थांबल्या. आत राहुलने फ्रिज सोडला.

"तरीच!" आई कूलरकडे रोखून बघत म्हणाली. "तरीच मी म्हणते, आज मला इतकी गाढ झोप कावून लागली!"

मग तिने आम्हा दोघांना भर उन्हात कूलरची टाकी उपसायला लावली, आणि स्वतः दारात सावलीला बसून किटलीतलं उरलेलं सरबत निवांत प्यायली. "लई भारी झालंय," म्हणाली, "साखर तेवढी कमी हाय." सुजाता परत आली, तर तिला हसू आवरेना.

परवा एका लग्नात वाढप्याने माझ्या ग्लासात मठ्ठा ओतायला सुरुवात केली, तर पलीकडच्या पंगतीतून आई मांडवभर ऐकू जाईल असं ओरडली, "आरं, त्याला अर्धाच द्या! परत जाताना गाडी त्यालाच चालवायची हाय!"