नोराबाईंच्या दाराला हात लावला तेव्हा

सांगलीहून विमानतळाकडे निघालो तेव्हा आईने गाडीत दोनच गोष्टी विचारल्या: लोणच्याची बरणी नीट गुंडाळलीस ना, आणि तिथे किराणा कुठे मिळतो? नोकरी, घर, भाषा यांबद्दल अवाक्षर नाही. "दुकानदार चांगला मिळाला की नवं गाव अंगवळणी पडतं," एवढंच म्हणाली.

सुहासची, म्हणजे माझ्या नवऱ्याची, नोकरी जर्मनीत लुडविग्सहाफेनला, रसायनांच्या कारखान्यात. पहिल्याच आठवड्यात मला कोपऱ्यावरचं दुकान सापडलं. एक आयरिश जोडपं कॉर्कहून पोटापाण्यासाठी इथे आलं, त्यांनी ते काढलेलं. आता त्यांची मुलगी नोराबाई चालवत होत्या. मी चहापत्ती हुंगत होते, तर त्यांनी विचारलं, "दुधाचा पिता ना?" आणि आत नेऊन कडक चहा पाजला. इतरत्र असा चहा हवा तर मला व्याख्यान द्यावं लागे.

मग आमच्यासाठी तूरडाळ, पोहे, हिंगही येऊ लागला. दुकान, मागचं कोठार आणि शेजारचं दुमजली घर, तिन्ही त्यांच्या घरच्याच इमारती. घराच्या वरच्या खोल्यांत नव्याने आलेले राहत: आधी आयरिश, मग इटालियन, तुर्की, शेवटी आपली पोरं. पत्त्याची नोंद, म्हणजे आनमेल्डुंग, झाल्याशिवाय इथे पान हलत नाही, आणि अनोळखी माणसाला घर द्यायला कुणी तयार नसे. नोराबाई देत.

मागच्या वर्षी गुडघ्यांनी दगा दिला आणि त्यांनी दुकान बंद केलं. अर्धा वाटा असलेल्या पुतण्याला सगळं पाडून फ्लॅट बांधायचे होते. वाचवायचा मार्ग एकच, डेंकमालशुट्झ. वारसा म्हणून संरक्षण मिळालं की पाडता येत नाही. पालिकेच्या बाई पाहणीला येणार असं ठरलं.

इथल्या मराठी मंडळातर्फे तयारी मी अंगावर घेतली. कामं वाटली, जुने फोटो मागवले, कोण काय बोलणार ते लिहून काढलं. आणि पाहुणे येणार म्हणजे रंगरंगोटी आलीच.

"अगं, आधी विचार तरी," सुहास म्हणाला.

"घर नीटनेटकं करायला काय विचारायचं?"

शनिवारी मंडळातल्या आम्ही तिघींनी दुकानाच्या दाराचा पोपडे आलेला तपकिरी रंग खरवडायला घेतला. खाली निळा निघाला, त्याखाली हिरवा. हातभर जागा झाली असेल, तोच नोराबाई काठी टेकत आल्या.

"थांबव ते! माझ्या आईने रंगवलंय ते दार! जुनं जसंच्या तसं असेल तरच वाचणार आहे, आणि तू सोलायला बसलीस? एवढी शिकलेली तू!"

रंगाचे डबे तसेच परत नेले.

सोमवारी पालिकेच्या बाई दारासमोर थबकल्या. "हे कुणी केलं?"

मी हात वर केला. नोराबाईंनी मला बोलूच दिलं नाही. "घरचीच आहे. सण आला की यांच्यात घर खरवडून रंगवतात. चांगली झाडलीये मी तिला."

बाई हसल्या नाहीत. वाकून तिन्ही रंग बघितले, फोटो काढले, मग विचारलं, "वरच्या खोल्यांत कोण कोण राहिलं?" त्यावर जमलेले सगळे एकदम बोलायला लागले. माझा क्रम कुणीही पाळला नाही.

संरक्षण मिळालं, तिन्ही इमारतींना. भिंतीवर नोराबाईंच्या आईवडिलांच्या नावांची पाटी लागली. आम्ही शाल-श्रीफळ दिलं, तर त्यांनी नारळ कानाशी हलवून पाहिला. "पाणी कमी आहे. कुठून आणलास?"

हल्ली सांगलीला गेले आणि माझ्या हातून काही सांडलं तर सगळे "असू दे, असू दे" म्हणतात. इथले शेजारीही काही चुकलं की हसून सोडून देतात. पाहुण्याला असंच वागवायचं असतं. त्या शनिवारी भर रस्त्यात ओरडा खाल्ला तेव्हा मला रडू आलं होतं. आता वाटतं, इतक्या वर्षांनी इथे मला हक्काने रागावणारं माणूस मिळालं. एवढं असलं की घराचं बाकी सगळं जमवता येतं.