कापड ओलं होतं

मावशीला मी शांत बसलेलं कधी पाहिलेलं नाही. शस्त्रक्रियेच्या कात्र्या-चिमटे धुऊन, कापडात बांधून, वाफेवर निर्जंतुक करायची रुग्णालयाच्या तळघरातली खोली ती एकोणीस वर्षं सांभाळते. तिथे दार हळू लावलं तर "झोपायला आलायस का?" आणि जोरात लावलं तर "बापाचं दार आहे का?" मी यंत्रं दुरुस्त करणारा कंत्राटी माणूस. माझा डिप्लोमा झालाय हे कळल्यापासून ती मला 'इंजिनियर' म्हणते, आणि तो मान नव्हे, शिवी आहे.

तिचं ऑटोक्लेव्ह म्हणजे वाफेचं मोठं कपाट. कापडात बांधलेले सेट आत जातात, वाफ लागते, मग एक पंप आतली वाफ ओढून घेतो आणि कापड सुकतं. भिंतीवरच्या कार्डावर छापलंय: सुकवणे, वीस मिनिटे. सेट ओला बाहेर काढला की संपलं. ओलीबरोबर बाहेरचे जंतू सरळ आत शिरतात.

पंप वर्षभरापूर्वीच मरायला टेकला होता. मी पाच अर्ज दिले. पाचही वेळा कार्यालयाने एकच विचारलं, यंत्र चालू आहे ना? होतं चालू. कारण मावशी वीसऐवजी चाळीस मिनिटं थांबत होती. वरून फोनवर फोन यायचे, सेट कुठे अडकले म्हणून. ती फोन कानापासून लांब धरायची. जेवण चार वाजता, घरी जायला अंधार, पण वर्षभरात एकही ओला सेट तिने वर जाऊ दिला नाही.

या सगळ्यात तिच्या पित्ताशयात खडे झाले. आठ महिने पोट दाबून काम केलं, आणि एकदाची शस्त्रक्रियेची तारीख मिळाली. बदलीवर लाँड्रीतल्या भाऊंना दिलं. दोन दिवस तिने त्यांना घड्या शिकवल्या, गाठी शिकवल्या, वाफ लागली की काळी पडणारी पट्टी कुठे चिकटवायची तेही शिकवलं. भाऊ भला माणूस. जे सांगाल ते करतो.

भरती झाल्या संध्याकाळपासून तिने वॉर्ड डोक्यावर घेतला. रक्त काढणाऱ्या मुलीला नस सापडेना, तर "सोड, मी काढते." उपास सुरू झाला तेव्हा काकांना, म्हणजे नवऱ्याला, बजावलं की माझ्यासमोर चहा प्यायचा नाही. काका तिचे कानातले रुमालात बांधून खिशात ठेवत म्हणाले, "एक दिवस तरी पेशंट हो. जमतंय का बघ."

जमलं नाही.

सकाळी तिला शस्त्रक्रियागृहात आणलं तेव्हा मी दिव्याचा बल्ब बदलून आवरत होतो. हाताला सलाइन लागलं होतं, भूल द्यायच्या डॉक्टरीणबाई नाडी बघत होत्या. बाजूच्या ट्रॉलीवर तिच्यासाठीचा सेट, अजून न सोडलेला. मावशीने मान वळवून पाहिलं. हिरव्या कापडाची खालची कड गडद दिसत होती. बोटभर, जास्त नाही.

"हा सेट ओला आहे," ती म्हणाली.

सर्जन हात धुऊन आत येत होते. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि हसून सांगितलं की मावशी, पट्टी काळी आहे, तुम्ही आज निवांत झोपा, तुमची ड्यूटी नाही. ती म्हणाली, पट्टी काळी म्हणजे वाफ लागली, सुकलं असं नाही. सर्जनांनी डॉक्टरीणबाईंना खूण केली. झोपेचं औषध सलाइनमध्ये जायच्या आत मावशी उठून बसली आणि पाय खाली सोडले.

"मला हात लावाल तर बघा. आधी त्या कापडाला लावा."

पाठीमागे नाड्या सुटलेला गाऊन एका हाताने आवळून, दुसऱ्या हातात सलाइनची बाटली धरून ती लिफ्टने तळघरात उतरली. मी मागोमाग. फळीवर सकाळपासूनचे सेट रचलेले. तिने एकेकाच्या बुडाला हात लावला. सगळे ओले. भाऊ हात जोडून उभे. त्यांनी कार्डाप्रमाणे बरोबर वीस मिनिटं दिली होती, एक मिनिटही कमी नाही.

मावशी भाऊंवर ओरडेल असं मला वाटलं. ती कार्डाकडे बघत राहिली. चाळीसचं तिने त्यांना सांगितलंच नव्हतं. तिच्या हाताला ते इतकं सवयीचं झालं होतं की ती सांगायची गोष्ट आहे हेच तिच्या लक्षात आलं नाही.

"वर्षभर मी या यंत्राची लाज झाकत बसले," ती मला म्हणाली. "पहिल्याच दिवशी कुलूप घालून चावी साहेबाच्या टेबलावर आपटायला हवी होती. आणि तू रे इंजिनियर, अर्ज लिहीत बसलास."

मी सगळे सेट पुन्हा बांधायला लावले, पुन्हा वाफ, आणि पूर्ण चाळीस मिनिटं दाराशी उभा राहिलो. सर्जन फोनवर म्हणत होते, वर्षभर यंत्र नीट चाललं, आजच कसं बिघडलं? दुपारी मावशीची शस्त्रक्रिया झाली, कोरड्या कापडातल्या हत्यारांनी.

पण तिच्या आधी सकाळी एका बाईची हर्नियाची शस्त्रक्रिया उरकली होती. त्याच ओल्या खेपेतल्या हत्यारांनी. ती बाई शेजारच्याच खाटेवर होती. शुद्धीवर आल्यापासून मावशी स्वतःचं दुखणं सोडून तिचाच ताप विचारत होती. तिसऱ्या दिवशी ताप चढला, टाक्यांतून पाणी यायला लागलं. बाईच्या लेकीला सांगण्यात आलं, जखम आहे, ताप येणारच.

त्याच दिवशी मावशीच्या हातात दोन कागद पडले. एक घरी जायचा. दुसरा कार्यालयाचा: शस्त्रक्रियागृहात गोंधळ घालून शस्त्रक्रियांची यादी रखडवल्याबद्दल उद्यापर्यंत लेखी खुलासा द्यावा. काकांनी वाचून घडी घातली. म्हणाले, निवृत्तीला तीन वर्षं राहिलीत, दोन ओळी माफीच्या लिही, त्यांचंही समाधान होईल. सिस्टरही तेच म्हणाल्या. माझं कंत्राट पुढच्या महिन्यात संपणार होतं; मी तिची पिशवी भरायला घेतली.

मावशीने टाक्यांवर हात दाबला, खाटेच्या कडेला धरून उठली आणि चार पावलं टाकून शेजारी गेली. लेक आईच्या कपाळावर ओली पट्टी बदलत होती.

"पोरी, हा ताप उगीच आलेला नाही," मावशी म्हणाली. "तुझ्या आईची हत्यारं ओल्या कापडातून वर गेली होती. ते यंत्र मी चालवते."

काका उठून उभे राहिले. सिस्टर दारातून म्हणाल्या, "मावशी, तुम्हाला सोडलंय, घरी जा." मावशीने तिकडे पाहिलंसुद्धा नाही.

"मोठ्या डॉक्टरांना बोलाव. जखमेतलं पाणी तपासायला लाव, आत्ता, उद्या नाही. आणि कोणी सांगितलं विचारतील, तर कागद घे."

लेकीने पिशवीत पेन शोधलं. मावशी स्टुलावर बसली, आणि एका हाताने टाके धरून, एकेक अक्षर नीट उच्चारत तिला आपलं पूर्ण नाव सांगू लागली.